कमी खाल्लं की बाळंतपण सोपं होतं का?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत सातव्या महिन्यातली एक ताई आली होती. पोहे आले, तर तिने अर्धे बाजूला ठेवले. म्हणाली, "सासूबाई म्हणतात, जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं, बाळंतपण अवघड जातं." निम्म्या जणींनी माना डोलावल्या. म्हणून या वेळचा पाठ यावरच.

कमी वजनाचं बाळ म्हणजे काय?
जन्मताना वजन अडीच किलोच्या खाली असेल, तर ते कमी वजनाचं बाळ. असं बाळ लवकर गार पडतं, दूध नीट ओढत नाही, आजार लवकर धरतो. कमी खाल्ल्याने आईच्याही अंगात रक्त राहत नाही. मग बाळंतपण सोपं कुठून होणार?

पुण्याजवळच्या गावांत काय दिसलं?
1990 नंतरच्या काळात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 6 गावांतल्या गरोदर बायांचा आहार, त्यांचं काम आणि बाळाचं वजन यांच्या नोंदी ठेवल्या. बाया आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या. ज्या बाया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत होत्या, त्यांची बाळं वजनाने चांगली होती. ज्यांच्यावर शेताचं, पाण्याचं, घरचं जड काम जास्त होतं, त्यांची बाळं लहान होती.

म्हणजे भाकरी पोटभर हवीच, पण सोबत भाजी हवी आणि अंगाला आराम हवा.

आपण काय करायचं?
1. रोज एक पालेभाजी: अंबाडी, मेथी, तांदुळजा, शेवग्याचा पाला. वर लिंबू पिळा.
2. डाळ किंवा उसळ रोज. जमेल तसं दूध, अंडं, शेंगदाणे, पेरू, केळी.
3. एकदम जात नसेल, तर थोडं थोडं पण जास्त वेळा खा.
4. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज, निदान 180 दिवस. चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको.
5. अंगणवाडीचा आहार गरोदर बाईचा आहे, सगळ्या घराचा नाही.
6. दुपारी दोन तास आडवं व्हा. घागरी आणि जड ओझी दुसऱ्याने उचलावीत.

सासूबाईंनो, हा पाठ तुमच्यासाठीही आहे. सून सगळ्यांत शेवटी जेवते, तेव्हा पातेल्यात भाजी उरलेली असते का, एकदा बघा.

बैठकीत चर्चा करा
- आपल्या गटात, गल्लीत आत्ता कोण गरोदर आहे? तिचं शेवटचं वजन कधी झालं?
- मिरची तोडायला, खुरपायला तिच्या जागी कोण जाईल?

उत्तरं गटाच्या वहीत लिहा. पुढच्या बैठकीला आले की मी वही बघणार आहे!

तुमची,
क्षेत्र समन्वयक, धर्माबाद