शस्त्रधारी हाताचा छेद

शत्रूचा प्राण न घेता त्याचे शस्त्र निष्प्रभ करावे, हा विचार मनाला सहज पटणारा आहे. १९७७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालेच्या काल्पनिक विश्वात अशा प्रहारांना स्वतंत्र नावे आहेत. प्रतिस्पर्ध्याचा शस्त्र धरलेला हात तोडणे म्हणजे ‘चो माय’. त्याचे कमरेपाशी दोन तुकडे करणे म्हणजे ‘साय टोक’. जेडाय योद्धे पहिल्यात संयम पाहतात, दुसरा मात्र निंद्य मानतात.

मराठी वाचकाला येथे प्रतापगड आठवतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाशी झालेल्या झटापटीत सय्यद बंडा पट्टा घेऊन शिवाजी महाराजांवर धावला. तेव्हा जिवा महालाने त्याचा पट्ट्याचा हात हत्यारासह तोडला, असे सभासद बखर सांगते.

या प्रहाराचे मर्म पट्ट्याच्या घडणीत आहे. पट्ट्याचे पाते लांब, लवचीक व दुधारी असते. त्याची मूठ पोलादी खोबणीत बसविलेली असून ती खोबण कोपरापर्यंतचा हात झाकते. त्यामुळे मनगट वळत नाही. वार खांद्यातून आणि साऱ्या अंगाच्या फिरकीतून करावा लागतो. पट्टेकऱ्याच्या हातून शस्त्र उडवून लावणे अवघड. झाकलेल्या हातावर वारही वाया जातो. असा हात थांबवायचा तर घाव कोपराच्या वरच बसला पाहिजे.

मग हा प्रहार दयेचा म्हणावा काय? कल्पित विश्वातील प्रकाशखड्ग जखम जाळून बंद करते. म्हणून तेथे हात गमावलेला योद्धा पुढे जगतो. पोलादी पाते तसे करीत नाही. दंडाची मुख्य रोहिणी तुटली, की रक्तस्राव तत्काळ न थांबविल्यास काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. म्हणजे कथेतील दया शस्त्राच्या काल्पनिक गुणावर उभी आहे. जिवा महालाच्या कृतीचे समर्थन दयेत शोधणे व्यर्थ होय. डोक्यावर येऊ घातलेला वार थोपविण्याच्या निकडीत ते आहे.

दांडपट्ट्याला २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यशस्त्राचा मान मिळाला. मर्दानी खेळात पट्टेकरी तळहातावर ठेवलेले लिंबू कापतो आणि कातडीला ओरखडाही येऊ देत नाही. पाते कोठे थांबवावे, हे ज्याला कळले त्यालाच ही विद्या आली, असे मानणे योग्य होईल.