एका ताऱ्याखालचं उत्तर

पुण्याच्या चितळे बंधूंकडे 2025 मध्ये काही ग्राहकांच्या तक्रारी आल्या: बाकरवडीची चव पूर्वीसारखी राहिली नाही. 1950 पासून पुण्यात मिठाई विकणाऱ्या घराला ही गोष्ट किती लागली असेल, हे कुठल्याही दुकानदाराला सांगायला नको. ‘आमच्या चवीत फरक पडूच शकत नाही’ असं ठणकावून सांगणं सोपं होतं. पण तक्रारींचा माग काढला गेला, आणि बाहेर आलं ते वेगळंच. नावात ‘चितळे’ असलेल्या दुसऱ्याच एका विक्रेत्याची पाकिटं बाजारात होती. त्यांवर चितळे बंधूंचा ग्राहकसेवा क्रमांक, ईमेल आणि वेबसाइट छापून ग्राहकांची फसवणूक केली, अशी फिर्याद एप्रिल 2025 मध्ये पुण्याच्या विश्रामबाग पोलीस ठाण्यात दाखल झाली.

आपल्या नावावर दुसराच माल विकला जातोय, ही खबर पुण्यातल्या या जुन्या पेढीला मिळाली ती ग्राहकांच्या नाराजीतून. नाराज ग्राहकाला गप्प केलं असतं, तर बातमीही तिथेच थांबली असती.

या घराण्याला टीका नवी नव्हतीच. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून चितळ्यांवर आणि एकूणच पुण्यावर किती विनोद झाले, याची गणती नाही. समाजमाध्यमं आल्यावर तर त्यांना ऊत आला. जुलै 2017 पासून दुकान दुपारीही उघडं राहू लागलं, आणि त्या टिंगलीला याहून चांगलं उत्तर कुठलंच नव्हतं.

ही झाली मोठ्या शहरातल्या मोठ्या पेढीची गोष्ट. छोट्या गावात काय होतं ते पाहायला आता पुण्यापासून दूर, मध्य प्रदेशात जाऊ. जबलपूरहून कटनीकडे निघालं की सुमारे चाळीस किलोमीटरवर सिहोरा लागतं. तालुक्याचं गाव, सिहोरा रोड नावाचं रेल्वे स्थानक, आसपास लोहखनिजाच्या खाणी, आणि थंडीच्या दिवसांत जबलपूर जिल्ह्याचा प्रसिद्ध मटार. राष्ट्रीय महामार्ग 30 वरून जाणारा प्रवासी कुठे थांबायचं हे पूर्वी ट्रकवाल्यांची गर्दी बघून ठरवायचा. आता तो मोबाइलवर गूगलवरचे तारे बघतो. इथल्या न्याहारीच्या दुकानाला, लॉजला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानाला, ब्यूटी पार्लरला पुण्या-मुंबईतल्या दुकानाइतकंच उघड्यावर उभं राहावं लागतं. फरक इतकाच, की पुण्यातल्या मोठ्या दुकानाकडे हजारो अभिप्राय असतात आणि त्यात एक वाईट अभिप्राय बुडून जातो. सिहोऱ्यातल्या दुकानाकडे पंधरा-वीस असतात. त्यात एकाने एक तारा दिला की सरासरी लगेच खाली येते, आणि तो अभिप्राय महिनोन्‌महिने वरच दिसत राहतो.

आणि सरासरीला किंमत आहे. हार्वर्डचे मायकेल लुका यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या उपाहारगृहांचा अभ्यास 2011 मध्ये मांडला. येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढतं, असं त्यांना दिसलं. हा परिणाम साखळी उपाहारगृहांत नव्हे, स्वतंत्र, एकट्या मालकाच्या ठिकाणी दिसला. ज्याच्या नावाची आधी ओळख नसते, त्याच्याबाबतीत गिऱ्हाईक अनोळखी माणसाच्या शब्दावर जास्त विसंबतं. छोट्या गावातल्या छोट्या दुकानाने हे मनावर घ्यायला हवं.

एक उदाहरण कल्पून पाहू. समजा सिहोऱ्यात एका मराठी कुटुंबाचं न्याहारीचं दुकान आहे. रविवारी सकाळी गर्दी. जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने रात्री लिहिलं, ‘पोहा एकदम ठंडा, बीस मिनट रुकना पड़ा, पैसे पूरे।’ सोबत एक तारा. मालकाने ते रात्री अकराला वाचलं. पहाटेपासून उभं राहून पाय दुखतायत, आणि हा माणूस असं लिहितो? हात आपोआप चालतो: ‘आप जैसे लोग सिर्फ बदनाम करने आते हैं। बाकी सब को तो पसंद आया।’

हे उत्तर चुकलं, कारण ते चुकीच्या माणसासाठी लिहिलं आहे. ज्याने तक्रार केली तो कदाचित पुन्हा ते पान उघडणारही नाही. ते उघडणार आहे पुढच्या शनिवारी कटनीला निघालेलं एखादं कुटुंब. त्यांना पोह्यांच्या तापमानाशी फारसं देणंघेणं नाही. इथे काही चुकलं तर मालक आपल्याशी कसं बोलेल, एवढंच त्यांना हवं असतं, आणि ते त्यांना समजलं.

तेच उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी काउंटरवर कोण होतं त्याला विचारून, असं लिहिता येतं: ‘नमस्कार। रविवार को पोहा ठंडा मिला और इंतज़ार करना पड़ा, इसका खेद है। उस समय सिलेंडर बदलने में देर हुई थी। अब दूसरा सिलेंडर भरा हुआ तैयार रहता है। बताने के लिए धन्यवाद।’ खाली मालकाचं नाव. चार ओळी, पण प्रत्येक ओळीला काम आहे. तक्रार नेमकी काय होती ते पहिल्या ओळीत आलं, म्हणजे मालकाने ती वाचली हे दिसतं. ‘आपको असुविधा हुई हो तो’ असली पळवाट नाही. कारण सांगितलं ते एका वाक्यात, आणि ते खरं असेल तरच सांगायचं. सिलेंडर बदललाच नसेल तर ती ओळ गाळायची. पुढे काय बदललं तेही आलं. आणि उत्तर हिंदीत आहे, कारण तक्रार हिंदीत होती आणि पुढचा वाचणाराही बहुतेक हिंदी वाचणाराच असेल.

फुकट न्याहारीचं आमंत्रण त्यात नाही, तेही मुद्दामच. नुकसानभरपाई द्यायचीच असेल तर फोनवर बोलून द्यावी. चारचौघांत दिली की पुढची तक्रार त्या फुकट ताटासाठी येऊ शकते. ‘तारा वाढवा, मग पुढचं बिल माफ’ हा सौदा तर करूच नये. मोबदला देऊन अभिप्राय लिहवून घेणं, बदलवणं किंवा काढायला लावणं गूगलच्या नियमांत बसत नाही. बिलाचा फोटो, गिऱ्हाइकाचा फोन नंबर, ‘साहेब दारू पिऊन आले होते’ असलं काहीही उत्तरात येता कामा नये. दवाखाना, पॅथॉलॉजी लॅब किंवा पार्लर चालवणाऱ्यांनी याबाबत दुप्पट सावध राहावं. तिथे गिऱ्हाइकाची खाजगी गोष्ट उघड होणं हे मूळ तक्रारीपेक्षा मोठं प्रकरण होतं.

रागाच्या उत्तराची किंमत मोठ्यांनाही मोजावी लागते. ऑक्टोबर 2024 मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी सर्व्हिस सेंटरबाहेर धूळ खात उभ्या ओला स्कूटरांचं छायाचित्र टाकलं. कंपनीचे प्रमुख भाविश अग्रवाल यांनी उत्तरात कामरांवर पैसे घेऊन लिहिल्याचा आरोप केला, त्यांच्या कारकिर्दीवर बोट ठेवलं आणि गप्प बसा असं सुनावलं. रविवारची गोष्ट. सोमवारी बाजार उघडला आणि कंपनीचा शेअर आठ टक्क्यांच्या आसपास घसरला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची कारणे दाखवा नोटीसही त्याच सुमारास आली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एका वर्षात या कंपनीविरुद्ध 10,644 तक्रारी नोंदल्या गेल्याचं तेव्हा सगळ्या देशाने वाचलं. त्यातल्या 3,389 सर्व्हिसला होणाऱ्या उशिराबद्दल होत्या. म्हणजे कामरांच्या छायाचित्रात जे दिसत होतं, तेच हजारो ग्राहक आधीपासून सांगत होते. त्या रविवारी ‘अमुक ठिकाणच्या गाड्या अमुक दिवसांत दुरुस्त करून देतो’ एवढं लिहिलं असतं, तरी चर्चा गाड्यांवर राहिली असती. ती गेली मालकाच्या तोंडावर.

वकिलाची नोटीस हा दुसरा आवडता मार्ग. त्याचंही उदाहरण आहे. समाजमाध्यमांवर व्हिडिओ करणाऱ्या रेवंत हिमतसिंगका यांनी एप्रिल 2023 मध्ये बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीची नोटीस आली, त्यांनी व्हिडिओ काढून टाकला, माफीही मागितली. पण तोवर लाखो लोकांनी तो पाहिला होता, आणि नोटिशीच्या बातमीने त्याची चर्चा आणखी वाढली. पाठोपाठ राष्ट्रीय बालहक्क आयोगाने कंपनीकडे खुलासा मागितला. वर्षअखेरीस 100 ग्रॅममागे 37.4 ग्रॅम असलेली वरून घातलेली साखर 32.2 ग्रॅमवर आणल्याचं दिसलं. तीच साखर एप्रिलमध्ये कमी करण्याची तयारी जाहीर झाली असती, तर नोटिशीचा खर्च आणि बदनामी दोन्ही वाचलं असतं.

याचा अर्थ कायद्याचा दरवाजा कधी ठोठावूच नये, असा नाही. पॅराशूट खोबरेल तेलाच्या शुद्धतेवर शंका घेणाऱ्या 2018 मधल्या एका व्हिडिओविरुद्ध मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी 2020 मध्ये एकल न्यायमूर्तींनी व्हिडिओ काढून टाकण्याचा आदेश दिला. पुढच्याच महिन्यात खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. ज्याच्याकडे निष्णात वकिलांची फौज आहे, अशा कंपनीचीही ही अवस्था. सिहोऱ्याच्या दुकानदाराने पोह्यांवरच्या टीकेसाठी जबलपूरच्या कोर्टाच्या चकरा माराव्यात का, हे त्यानेच ठरवावं. मत आणि खोटं विधान यांतला फरक मात्र त्याने पक्का लक्षात ठेवावा. ‘मला चव आवडली नाही’ हे मत आहे, ते सोसावं लागतं. ‘इथे मेलेल्या जनावराची चरबी वापरतात’ हे वस्तुस्थितीबद्दलचं विधान आहे, आणि ते खोटं असेल तर भारतीय न्याय संहितेचं 356 वं कलम, म्हणजे बदनामीचं कलम, लागू होऊ शकतं.

कधी दुकानात पाऊलही न टाकलेल्या माणसाचे अभिप्राय, स्पर्धकाने भाड्याने लिहून घेतलेले तारे, ‘पाच हजार द्या नाहीतर आणखी वीस जण लिहितील’ असे निरोप. हा प्रकार वेगळा. त्याला नम्र खुलासा पुरत नाही. सर्वांत आधी स्क्रीनशॉट, त्या पानाचा पत्ता, तारीख आणि वेळ जपून ठेवावी, कारण लिहिणारा ते केव्हाही पुसू शकतो. मग अभिप्रायाची तक्रार गूगलकडे नोंदवावी. मालकाला आवडला नाही म्हणून गूगल अभिप्राय काढत नाही. खोटा, शिवीगाळ करणारा किंवा स्पर्धकाने लिहिलेला असेल तर काढू शकतं, म्हणून तक्रारीत नेमका कुठला नियम मोडला ते लिहावं. दरम्यान खाली एकच ओळ पुरते: ‘इस नाम या तारीख का कोई बिल हमारे यहाँ नहीं मिला, कृपया बिल नंबर बताएँ।’ पैशाची मागणी झाली तर ती खंडणी आहे, न्याय संहितेचं 308 वं कलम. पैसे न देता 1930 या सायबर हेल्पलाइनवर किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी, आणि स्थानिक ठाण्यात लेखी द्यावं.

स्वतःच्या बाजूने खोटे तारे गोळा करण्याचा मोह या वेळी सर्वांत जास्त होतो. मेहुण्याने पाच तारे द्यायचे, भाच्याने ‘बेस्ट इन सिहोरा’ लिहायचं. हे गिऱ्हाइकाला ओळखू येतं. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणलं, ते अशाच बनावटीला आळा घालण्यासाठी. ते ऐच्छिक असलं, तरी खोटी स्तुती ग्राहक कायद्याखाली अनुचित व्यापार प्रथा ठरू शकते. खरा उपाय संथ आहे: जो समाधानाने हात पुसत उठतो त्याला ‘वाटलं तर दोन ओळी लिहा’ म्हणावं, आणि त्याबद्दल काहीही देऊ नये.

छोट्या गावाची एक अडचण पुण्याला नाही. टीका करणारा ओळखीचा निघतो. शाळेतला सोबती, मागच्या गल्लीतले काका, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘नगर समाचार’छाप ग्रुपमधला कुणी. ग्रुपमध्ये ‘अमक्याकडची मिठाई खाऊन मुलं आजारी पडली’ असा निरोप फिरू लागला की तासाभरात अर्ध्या गावाला कळतं. इथे दहा जणांना दहा उत्तरं देऊ नयेत. मालकाने स्वतःच्या नावाने एकच निवेदन लिहावं: कोणत्या दिवशीचा माल, तो कुणाकडून आला, अन्न परवान्याचा क्रमांक, आणि कुणाला खरंच त्रास झाला असेल तर संपर्क कुठे करायचा. तेच सगळीकडे द्यावं आणि वादात उतरू नये. त्या माणसाच्या दारात चार पोरं घेऊन जाणं तर साफ वर्ज्य. तक्रारदार तेव्हा तो होतो, आणि आरोपी आपण. आणि आजार खरा निघाला, तर त्या दिवशीचा माल विक्रीतून काढणं हे निवेदनाच्याही आधी.

घरच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवावी लागते: उत्तर कोण देणार. दुकानाच्या पानाचा पासवर्ड मुलाकडे, सुनेकडे आणि नोकराकडेही असतो, आणि सर्वांत जास्त चिडलेला माणूस सर्वांत आधी लिहून मोकळा होतो. उत्तर लिहिणारा एक असावा, पाठवण्याआधी वाचणारा दुसरा. तक्रारींची एक साधी वही असावी: तारीख, काय म्हणणं, चौकशीत काय निघालं, काय बदललं. महिन्याने ती चाळली की ‘थंड’ हा शब्द तीन रविवारी आलेला दिसतो, आणि मग प्रश्न गिऱ्हाइकाच्या स्वभावाचा राहत नाही, रविवारच्या माणसांच्या संख्येचा होतो.

अशा उत्तरांचा फायदा मोजलाही गेला आहे. संशोधक डेव्हिड प्रोसर्पिओ आणि जॉर्जिओस झेर्व्हास यांनी अमेरिकेतल्या हॉटेलांवर केलेल्या अभ्यासात, व्यवस्थापनाने उत्तरं द्यायला सुरुवात केल्यावर अभिप्राय 12 टक्क्यांनी वाढले आणि सरासरी 0.12 ताऱ्याने वर गेली. वाढ दिसायला लहान आहे. पण आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतं हे कळल्यावर उगाच केलेल्या त्रोटक तक्रारी कमी होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तेव्हा आज दुकानाचं शटर ओढल्यावर आपल्या दुकानाचं पान उघडा आणि एक-दोन ताऱ्यांचे सगळे अभिप्राय शांतपणे वाचून काढा, अगदी दोन वर्षांपूर्वीचेही. ज्यांना उत्तर गेलेलं नाही ते वहीत उतरवा. उत्तरं मात्र आज लिहू नका. ज्या दिवशीची तक्रार आहे त्या दिवशी दुकानात कोण होतं, ते उद्या सकाळी आधी विचारा.