एमसीबी सारखी पडतेय? आकडा वाढवण्याआधी वायर बघा



दहावीच्या विज्ञानात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा पाठ शिकवताना एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, आमच्या घरी एमसीबी सारखी पडते. मोठी टाकली तर?" भोर-वेल्ह्याकडे जुन्या घराला लागून नवी खोली काढली की तिथं वेगळी छोटी डीबी बसते आणि हा प्रश्न घरातही निघतो. म्हणून हा पाठ आज त्या डीबीवरूनच शिकू या.

मुख्य गोष्ट अशी, की एमसीबी असते भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी.

आधी भार मोजा. समजा, गिझर २००० वॅट, इस्त्री १०००, मिक्सर ५०० आणि दिवे-पंखे-टीव्ही ३००. एकूण ३८०० वॅट. त्याला २३० व्होल्टने भागा. उत्तर येतं सुमारे १६.५ अँपिअर.

मग वायर आणि एमसीबीची जोडी लावा. नव्या डीबीकडे ४ चौरस मिमी तांब्याची वायर नेली, तर तिच्यासाठी २० अँपिअरची एमसीबी. ती मेन बोर्डात, म्हणजे वायर जिथून निघते तिथंच हवी. डीबीत दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिमी वायर आणि ६ अँपिअर. गिझरला स्वतंत्र २.५ चौरस मिमी आणि १६ अँपिअर. प्लगच्या लाइनलाही तसंच.

मोठी टाकली तर? इथं जूलचा नियम आठवा. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १६ च्या जागी ३२ बसवली, तर दुप्पट धारा वाहूनही एमसीबी पडणार नाही. वायर मात्र चौपट तापेल, आवरण वितळू शकतं आणि भिंतीतच आग धरू शकते. एमसीबी पडते तेव्हा ती आपलं काम करत असते. भार कमी करा, लाइन वेगळी काढा किंवा दोष शोधा.

शॉकचं काय? जीव घ्यायला काही दशक मिलीअँपिअर पुरतात. एमसीबीला ते कळतही नाहीत. आपल्याकडच्या पावसात भिंती ओल धरतात, म्हणून ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग हवंच.

गृहपाठ : मुलांनी घरातल्या उपकरणांवरचे वॅट लिहून बेरीज करावी. वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ पाहून तुलना करावी. डीबीचं झाकण मात्र कुणी उघडू नये. ते काम परवानाधारक वायरमनचं. पालकांनी त्यांना एवढंच विचारावं, "या एमसीबीच्या मागं वायर किती चौरस मिमीची आहे?"