गिरणीच्या शेडपर्यंत वायर कोणती घ्यायची?

गटाचं कर्ज मंजूर झालं की गिरणी कुठल्या कंपनीची घ्यायची यावर दोन-दोन बैठका होतात. वायरचा विषय मात्र "वायरमनदादा बघतील" म्हणून सुटतो. दादा बघतातच, पण बंडलाचं बिल गट भरतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये ओल्या हातानं बटण आपणच दाबतो. म्हणून या अंकात वायरबद्दल.

समजा, मीटर रस्त्याकडच्या भिंतीवर आहे आणि शेड मागं परसात, ४० मीटरवर. गिरणी २ एचपीची, सिंगल फेजची. (गिरणीला घरगुती मीटरवरून वीज घेणं नियमात बसतं का, की वेगळी जोडणी लागेल, हे महावितरणकडे आधी विचारायचं. हे बऱ्याच गटांना उशिरा कळतं.)

पहिली गोष्ट ही की बाहेरच्या पाइपमध्ये ओल असतेच. पाइप वायरला उन्हापासून आणि धक्क्यापासून वाचवतो, पाण्यापासून पूर्ण नाही. जॉइंटमधून पाऊस झिरपतो. जॉइंट पक्के असले तरी दिवसा तापलेला पाइप रात्री गार झाला की आत पाणी धरतं, गरम भाकरीच्या डब्याच्या झाकणाला आतून धरतं तसं. त्यामुळे ओलीत टिकेल अशीच वायर घ्यायची.

दुकानात बंडलावर 'एफआर' दाखवून "ही भारी" म्हणतील. एफआर म्हणजे ती वायर आग लवकर पसरू देत नाही. चांगलंच आहे, पण त्याचा पाण्याशी संबंध नाही. '११०० व्होल्ट' लिहिलेलं असतं, तेही पाण्याबद्दल नाही.

भिंतीवरून पाइप नेणार असाल तर दुहेरी आवरणाची, तांब्याची, गोल थ्री कोर केबल मागा. एकेरी आवरणाच्या सुट्या वायर स्वस्त पडतात आणि सगळे त्याच टाकतात. पण पावसात उघड्यावर असलेल्या पाइपसाठी मी तरी दुहेरीच घ्या म्हणेन. जमिनीखालून न्यायची असेल तर आर्मर्ड केबल, म्हणजे आत लोखंडी तारांचं किंवा पट्ट्यांचं चिलखत असलेली. ती किमान ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट खोल पुरायची. खाली-वर वाळू आणि वरून विटा. पाण्याच्या काळ्या नळीत साधी वायर ओवून वीतभर खोल पुरलेली मी पाहिली आहे. अशा जागी कधीतरी कुदळ लागतेच.

आता जाडी. २ एचपीची मोटर चालताना साधारण १२ अँपिअर ओढते. ४० मीटर जायचे आणि ४० यायचे, असं ८० मीटर तांबं धरायचं. १.५ स्क्वेअरच्या वायरमध्ये तेवढ्यात १२ व्होल्ट गळतात. ४ स्क्वेअरमध्ये चार-साडेचार. फरक थोडा वाटतो ना? पण सुरू होताना मोटर पाच-सहापट करंट ओढते. तेव्हा १.५ मध्ये ६०-७० व्होल्ट जातात, ४ मध्ये पंचवीसच्या आसपास. संध्याकाळी आपल्याकडे मुळातच २०० व्होल्ट असतात. मग मोटर नुसती घुं घुं करते, उचलत नाही आणि असंच रोज झालं तर वाइंडिंग जळतं. शिवाय रोज ४ तास दळण असेल तर १.५ च्या वायरमध्ये अर्ध्या युनिटाहून जास्त वीज नुसती वायर तापवण्यात जाते. म्हणून ४ स्क्वेअर घ्या. अंतर जास्त असेल तर वायरमनकडून पुन्हा हिशेब करून घ्या.

गिरणी दोन तारांवर फिरते, त्यामुळे पैसे वाचवताना पहिली कात्री हिरव्या तारेला, म्हणजे अर्थिंगला लागते. तिथं अजिबात ऐकू नका. एखादी तार पत्र्याला घासली तर अख्खी शेड जिवंत होते. गिरणीचा सांगाडा आणि शेडचा पत्रा, दोन्ही अर्थिंगला जोडलेले हवेत. एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तर पडते. माणसाच्या अंगातून करंट जातोय हे तिला कळत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. दोन्ही बसवा.

पाइप आयएसआय मार्कचा आणि उन्हात टिकणारा घ्या. पातळ पांढरा पाइप उन्हानं ठिसूळ होतो. वायरला जोड द्यायचाच असेल तर बॉक्समध्ये, पाइपच्या आत नको. शेडमध्ये शिरताना पाइप खालून वर घ्यायला सांगा, म्हणजे पाणी आत न जाता बाहेरच ठिबकतं.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. बिलावर केबलचा प्रकार, स्क्वेअर मिमी आणि मीटर लिहून घ्या. चर बुजवण्याआधी खरेदी समितीतल्या दोघींनी मोजपट्टीनं खोली मोजायची आणि केबलवरची छापील अक्षरं वाचता येतील असा फोटो काढायचा. नंतर दर महिन्याला बैठकीच्या दिवशी आरसीसीबीचं 'टेस्ट' बटण दाबायचं. खटका पडला नाही तर वायरमन येईपर्यंत दळण बंद.