सखल जागेतला मोहोर

महाड-पोलादपूरचं नाव काढलं की लोकांना 2021 च्या जुलैतला सावित्रीचा पूर आठवतो. थंडीनेही इथे नुकसान होतं, हे सांगून पटत नाही. गारठा तो वर महाबळेश्वरला. वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की वर्तमानपत्रात फोटो येतो आणि खाली पोलादपुरात आम्ही तो कौतुकाने बघतो. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी ज्यांची घरं आहेत, त्यांनी मात्र त्याच दिवसांत परसातल्या हापूसकडे लक्ष द्यावं. थंड हवा जड असते. वारा पडलेल्या रात्री ती उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागेत साचून राहते.

आमच्या घरामागची जमीन ओढ्याकडे उतरते. भिंतीलगत एक कलम आणि खाली गडग्याशी दुसरं, दोन्ही एकदमच लावलेली. दोन्हींना जानेवारीत मोहोर आला. फेब्रुवारीत थंडी परतली, तेव्हा खालच्या झाडाच्या पानांवरून पहाटे दव टपटप गळायचं. हळूहळू मोहोराच्या दांड्यांवर राखट पांढरी पूड चढली, फुलं तपकिरी पडली आणि फांदीला हात लावला की त्यांचा चुरा अंगावर येई. वरच्या झाडाला कैऱ्या धरल्या. खालच्यावर नुसत्या काळ्या काटक्या राहिल्या.

ती पूड म्हणजे भुरी. थंड रात्री आणि दमट पहाट तिला मानवते. जे दव खाचरातल्या वालाला जगवतं, तेच मोहोराला घातक ठरतं. शिवाय थंडीत मोहोरात नर फुलं जास्त निघतात, मधमाश्या आणि इतर माश्या फारशा फिरत नाहीत, मग फळधारणा होणार कशी? थंडी लांबली तर आणखी एक संकट येतं: धरलेल्या कैऱ्यांच्या शेजारीच नवा मोहोर फुटतो, झाड आपलं अन्न तिकडे वळवतं आणि आधीच्या कैऱ्या गळतात. त्यात समुद्र लांब असल्यामुळे पहाटे कुडकुडायला लावणारी हवा दुपारी भाजून काढते. म्हणून हरिहरेश्वर-श्रीवर्धनच्या बागायतदाराचं वेळापत्रक आपल्याकडे जसंच्या तसं चालवू नये.

माझं पहिलं सांगणं जागेबद्दल आहे. परसातल्या सर्वांत सखल कोपऱ्यात आंब्याचं कलम लावूच नका. आधीच लावलेलं असेल, तर उताराच्या बाजूचा गडगा किंवा दाट कुंपण बघा. तिथे थंड हवा अडते. आम्ही ओढ्याकडच्या गडग्याला खिंड ठेवली, कारण हवेला वाट मिळाली की ती पुढे वाहून जाते. औषधांपेक्षा माझा भरवसा या कामावर जास्त आहे.

भुरी दिसू लागताच पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम घेऊन फवारावं, पण कडक उन्हात नाही, नाहीतर कोवळा मोहोर भाजतो. पूर्ण फुलोऱ्यात शक्यतो कुठलीच फवारणी नको. पुन्हा पुन्हा मोहोर येत असेल, तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जिबरेलिक ॲसिड सुचवलं आहे, 20 लिटर पाण्याला 1 ग्रॅम. ही पूड थेट पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे आणि फवारणीची वेळ साधावी लागते म्हणूनही कृषी सहायकाला विचारूनच हे करा. कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर मोठ्या झाडाला पंधरा दिवसांनी दीडशे-दोनशे लिटर पाणी द्यावं, तेही बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखालच्या आळ्यात. वर पातेरा किंवा पेंढा पसरावा. त्याआधी पाण्याची घाई केली, तर पालवी फुटण्याची भीती असते.

केळी आणि भाजीचे वाफे यांचं वेगळं. थंडीची लाट आली की त्यांना संध्याकाळी पाणी द्यावं, कारण ओली माती दिवसाची ऊब रात्री हळूहळू सोडते. मिरची-वांग्याची रोपं रात्रीपुरती जुन्या साडीने झाकली तरी पुष्कळ. केळीची करपलेली पानं लगेच कापू नयेत, तीच आतल्या पोग्याला आडोसा देतात.

ज्यांची मोठी बाग आहे आणि फळपीक विमा उतरवला आहे, त्यांनी ध्यानात ठेवावं की थंडीची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, तुमच्या ओढ्याकाठच्या थंडीवर नाही. म्हणून किमान-कमाल तापमापक घ्या, तो सर्वांत सखल झाडाच्या सावलीत टांगा आणि डिसेंबरपासून रोज सकाळी आकडा लिहून ठेवा. पुढचं कलम कुठे लावायचं, ते त्या वहीवरून कळेल.