महायुगाची संख्या : ४३,२०,०००

पूजेच्या आरंभी संकल्प करताना कलियुगाच्या प्रथम चरणाचा उल्लेख आपण नित्य करतो. त्या कलियुगाची वर्षे ४,३२,००० आणि चारही युगे मिळून होणाऱ्या महायुगाची ४३,२०,००० मानली आहेत, हेही बहुतेकांस ऐकून ठाऊक असते. एवढी मोठी संख्या कानी पडली की कोणी हात जोडतो, कोणी अतिशयोक्ती म्हणून हसतो. ती पाटीवर मांडून पाहण्याचे श्रम मात्र क्वचितच कोणी घेतो. ते आज आपण घेऊ.

महायुगाचे दहा समान भाग केले, तर त्यांपैकी एक कलीचा, दोन द्वापाराचे, तीन त्रेताचे व चार कृताचे. (आर्यभटाने, इ. स. ४९९ च्या सुमारास, महायुग हेच ठेवून त्याचे चार सारखे भाग केले, हे येथे नमूद करावयास हवे.) कृतयुगाची १७,२८,००० वर्षे हा १२० चा पूर्ण घन होय. त्रेतायुगाची वर्षे १२,९६,०००, आणि वर्तुळाच्या ३६० अंशांच्या विकलाही नेमक्या तितक्याच. यात काही गूढ शोधण्याचा मोह आवरावा, असे आम्हांस वाटते. दोन्ही संख्या ६० च्या घराण्यातल्या, म्हणून त्या जुळतात.

४३,२०,००० चे मूळ अवयव पाडले, तर २ आठ वेळा, ३ तीन वेळा व ५ चार वेळा येतो. म्हणजे तिला निःशेष भागणाऱ्या संख्या ९ × ४ × ५ = १८० झाल्या. ७ ने मात्र तिला भाग जात नाही.

एवढ्या मोठ्या संख्येचे प्रयोजन सूर्यसिद्धान्तात दिसते. वर्षाचे दिवस ३६५ व वर एक अडचणीचा अपूर्णांक. तो टाळून महायुगाचे दिवस १,५७,७९,१७,८२८ असे पूर्णांकात दिले आहेत. चंद्राच्या प्रदक्षिणा ५,७७,५३,३३६. त्यांतून सूर्याच्या ४३,२०,००० वजा केल्या की चांद्रमास ५,३४,३३,३३६ उरतात. सौरमास वर्षाला बारा, म्हणून ५,१८,४०,०००. या दोहोंतील अंतर १५,९३,३३६ हेच महायुगातील अधिकमास होत! सौरमासांना या संख्येने भागले की सुमारे साडेबत्तीस महिन्यांस एक अधिकमास, हे पंचांगातले प्रमाण हाती येते. सूर्याची गती सदा सारखी नसल्याने प्रत्यक्षात अंतर कमीअधिक पडते : २०१८ चा अधिक ज्येष्ठ, २०२० चा अधिक आश्विन, २०२३ चा अधिक श्रावण व २०२६ चा अधिक ज्येष्ठ यांमध्ये अनुक्रमे सुमारे २८, ३४ व ३४ महिने आहेत.

घरातील मुलांनी आणखी एक भागाकार करून पाहावा. १५,९३,३३६ व ४३,२०,००० या दोहोंना २४ ने भाग जातो. भागाकार ६६,३८९ व १,८०,००० येतात, आणि त्यांपुढे दोघांना सामाईक असा एकही अवयव उरत नाही. म्हणजे या मानाने १,८०,००० वर्षांपूर्वी अधिकमासांचा हिशेब पूर्णांकात मिटतच नाही.