आधी स्लाइड, मग ट्यूब

अंगावरून पांढरं जातं, खाज येते, आग होते, एवढं सांगितलं की आपल्याकडे बाईच्या हातात ट्यूब पडते. आत काय आहे हे कोणी बघत नाही, आणि बघा म्हणायची बाईला सवय नाही. मी गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडची. माझं दुखणं पावसाळ्यात सुरू झालं आणि उन्हाळा लागला तरी हटेना. आजार काही फार मोठा नव्हता. तो नेमका कोणता, हेच तोवर कोणी तपासलं नव्हतं.

रोवणीचे दिवस होते. पऱ्हे लावताना दिवसभर बांधीतल्या पाण्यात उभं राहायचं, लुगडं ओलंच असायचं. त्यामुळे खाज चिखलानं आली असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं. औषधाच्या दुकानातून आलेल्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइडही होतं, हे पुढे कळलं. स्टिरॉइडनं खाज दबते. बाईला वाटतं बरं झालं, आणि आठवड्यानं पुन्हा तेच. त्यानंतर एका दवाखान्यात न तपासताच फ्लुकोनॅझोलची दीडशेची गोळी मिळाली. तिनंही तात्पुरतंच भागलं.

गोंदियाच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आधी विचारलं, आतून काही लावलंय का? आदल्या रात्रीच लावलं होतं. त्यांनी त्या दिवशी नमुना घेतलाच नाही. औषध अंगात असताना घेतलेल्या नमुन्यात यीस्ट, म्हणजे ही बुरशी, सापडेलच याचा भरवसा नसतो, म्हणून औषध थांबवून परत यायला सांगितलं. तिथल्या बाकावर शेजारी बसलेल्या म्हातारीनं माझा हात धरला. “काहून वं, इतके दिवस कोणाले सांगितलं नाही?” सांगितलं होतं, मावशी. पण तपासलं कुणीच नव्हतं.

तपासणीला घाबरण्यासारखं काही नाही. आतल्या भिंतीवरून कापसाच्या काडीनं स्राव घेतात. त्याचा थोडा भाग आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्टीवर लावतात. यीस्ट असेल तर आकडा बहुधा ४.५च्या आतच राहतो. जिवाणूंचा बिघाड किंवा ट्रायकोमोनास नावाचे जंतू असतील तर तो सहसा वर जातो. मग दोन स्लाइड. एकीवर मिठाच्या पाण्याचा थेंब. ट्रायकोमोनासचे जंतू त्यात हलताना दिसतात, म्हणून ती लगेच बघावी लागते. दुसरीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. त्यानं आपल्या पेशी विरघळतात आणि बुरशीच्या गोल पेशी, त्यांना फुटलेले कोंब, लांब तंतू उघडे पडतात. एका ‘पांढरं जाण्या’मागं हे तीन वेगळे आजार असू शकतात आणि तिघांची औषधं वेगळी आहेत. आमच्या बचत गटातली एक मैत्रीण यीस्टची औषधं घेऊन थकली होती. तिच्या स्लाइडवर यीस्ट नव्हतंच, जिवाणूंचा बिघाड निघाला.

माझ्या स्लाइडवर काहीच दिसलं नाही. इथंच पुष्कळ बायकांना ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणून घरी पाठवतात. पण स्लाइडवर यीस्ट सुटून जाणं नवीन नाही. त्रास चालूच असेल किंवा परत परत येत असेल, तर कल्चर मागावं. साबुरो नावाच्या माध्यमावर नमुना पेरतात, एक-दोन दिवसांत, कधी थोडं उशिरा, यीस्ट वाढतं आणि त्याची जात कळते. माझं निघालं ग्लॅब्राटा. ही जात तंतू काढत नाही, म्हणून स्लाइडवर चुकते, आणि नेहमीच्या गोळीला ती सहज दाद देत नाही. औषध बदललं आणि दुखणं हटलं.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास आला. त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हा आकडा मला अजूनही सोसत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शकाची सोय नसेल तर लक्षणांवरून हिरव्या पाकिटातली औषधं देतात. सरकारचीच ती पद्धत आहे आणि पहिल्या वेळी ती घ्यायला हरकत नाही. त्रास उलटला तर मात्र तेच पाकीट पुन्हा घेऊ नका, तपासणी मागा. गोंदियात बाई गंगाबाई महिला रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

जायच्या आधी आतून धुऊ नका, क्रीम किंवा गोळी ठेवू नका. पाळी संपल्यावर जा. खाल्लेल्या आणि लावलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत न्या, अँटिबायोटिकचीही. त्यांच्यानंतर यीस्ट बळावतं. दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर आधी सांगा, कारण त्या दिवसांत फ्लुकोनॅझोलची गोळी आपल्या मनानं घ्यायची नसते. पेल्यात थुंकून यीस्ट ओळखतात असं कोणी सांगेल, त्यात तथ्य नाही. काही त्रास नसताना कल्चरमध्ये कँडिडा, म्हणजे हेच यीस्ट, आला तर औषधाची गरज नसते. निरोगी बायकांच्या अंगातही तो राहतो.

वारंवार होत असेल तर साखर तपासा. आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे, आणि सिकलसेल असलेल्या माणसाचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा फसवा येऊ शकतो. डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड दाखवा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर करून घ्या.

ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल किंवा पाळीशिवाय रक्त जात असेल, तर कल्चरच्या रिपोर्टची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.